विजेचा षड्ज

तळघर होतं, मासे तळणाऱ्या दुकानाखालचं.
बर्मिंगहॅम, स्ट्रॅटफर्ड रोड, साल अडुसष्ट.
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले,
तरी वरच्या कढईची चरचर
आमच्या प्रत्येक टेपवर आहे.
विनी म्हणायची, असू दे,
लोकांना पाऊस वाटेल.

परिमल भादुडी ड्यूटी संपवून यायचा.
अकरा नंबरच्या बसचा कंडक्टर.
अंगावर गणवेश, बोटांना तिकिटांची शाई,
आणि रजईच्या खोळीत सतार,
झोपलेलं मूल खांद्यावर आणावं तशी.

आम्हाला वाटायचं, तो कुठल्याशा शिखरावरून उतरतो.
तो डेपोतून यायचा.
मॅल्कम जिभेवर साखरेचा खडा ठेवून
छताला फुटणारे रंग मोजत बसे.
भादुडी चहा मागायचा, दूध कमी.

तीन आठवडे काहीच जमलं नाही.
त्याचे सूर दाराशी येऊन
चपला काढून उभे राहायचे
आणि आत आम्ही बूट घालून नाचत होतो.

मी ड्रमवर चार मोजायचो, तो सोळा.
एकदा विचारलं,
एवढं लांब जाऊन परतीची जागा कशी सापडते?
म्हणाला, माझी बस बघ.
अख्ख्या शहराला वळसा घालते, दोन-अडीच तास.
कुणी चढतं, कुणी भांडतं,
कुणी झोपेत आपला थांबा चुकवतं,
पण निघाली तिथेच येते.
तिथे आलो की मी घंटी ओढतो.
तू फक्त घंटी ओढ.

दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढून पूर्ण फेरी मारली.
मांडीवर काठ्या.
शेजारची बाई दोनदा जागा बदलून बसली.

मग ती रात्र.
सगळे अँप्लिफायर चालू, वाजवत कुणीच नाही,
आणि तळघरभर ती नेहमीची घुंऽऽ.
डेरिक शिव्या देत वायरी हलवत होता.
भादुडीने हात वर केला. राहू दे.
मान तिरकी करून ऐकत राहिला,
दारामागे कोण बोलतंय ते ऐकावं तसा.
मग खुंट्या पिळू लागला.
पियानोच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत,
जिथे आमच्यापैकी कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं,
तिथे त्याने आपला षड्ज ठेवला.

हा तुमचा तानपुरा, म्हणाला.
वीज मंडळ रात्रंदिवस छेडतंय, फुकट.
बिल येतं, विनी म्हणाली.

गिटारी त्या फटीत उतरल्या. बेसही.
मॅल्कमने एक तार ओढून सोडली
आणि सतारीत तेरा तरफा बोलू लागल्या.
भादुडीचे हात मांडीवर होते.
नखी बोटात, बोटं मिटलेली.
कोण वाजवतंय, मॅल्कमने विचारलं,
आणि त्या रात्री त्याने काही घेतलेलं नव्हतं.

पुढे जे झालं त्याला मी नाव देत नाही.
पोस्टरवाल्यांनी दिलं.
जांभळे भोवरे, नारिंगी धूर,
मधोमध आठ हातांची देवी.
भादुडी पोस्टरजवळ जाऊन बघत राहिला.
आठ हात, म्हणाला, आणि एकाही बोटात नखी नाही.

पाचशे तबकड्या काढल्या.
मधल्या कागदावर आमची चार नावं,
आणि खाली बारीक अक्षरात: 'आणि सतार'.
त्याने तबकडी दिव्याखाली धरली.
'आणि' हा शब्द बरा आहे, म्हणाला,
आणि पहाटेच्या पाळीला गेला.
मला तेव्हा बोलायला हवं होतं.
मी झांजा पुसत होतो.

पुढे तो लीड्सला गेला म्हणतात, कुणी म्हणतं कलकत्त्याला.
चाळीसेक तबकड्या अजून माझ्या पलंगाखाली आहेत.

आता रात्री झोप मोडते.
स्वयंपाकघरात फ्रिज सुरू होतो, घुंऽऽ,
आणि कपाटातला एक पेला
हात न लावता हलकेच बोलतो.
मी टेबलावर बोटांनी मोजू लागतो,
एक, दोन, तीन...
नवव्या मात्रेवर फ्रिज बंद पडतो.

बरोबर आहे, भादुडी म्हणाला असता.
तिथे खालीच असते.